युद्धातली भुतं कागदावर उतरवताना: सिंगापूरच्या पार्श्वभूमीवरील भूतकादंबरीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नव्या लेखकांची हस्तलिखितं वाचून देतो. जपानी अमलाखालचं सिंगापूर आणि मलाया (१९४२ ते १९४५) हा काळ घेऊन भुताची कादंबरी लिहिणारे मराठी लोक वाटतात त्यापेक्षा बरेच आहेत. मी तिथे आठ वर्षं काढली, आणि माझी स्वतःची अशीच एक कादंबरी तिसऱ्या खर्ड्यात अडकून पडली आहे. त्यामुळे शंका माझ्याकडेच येतात, आणि फिरून फिरून त्याच येतात. उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो. एका उत्तरातलं दुसरीकडे लागलं, तर प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. साधी भुताची गोष्ट आणि ऐतिहासिक भूतकादंबरी यांत फरक काय?

साध्या गोष्टीतलं भूत कुठल्याही सालात चालतं. पडका वाडा, पिंपळ, अमावास्या एवढं असलं की काम भागतं. ऐतिहासिक भूतकादंबरीतलं भूत एका ठरावीक आठवड्यात, ठरावीक कारणाने मेलेलं असतं, आणि ते कारण काढून घेतलं तर गोष्टच कोसळते. मी हस्तलिखित हातात आलं की एक प्रयोग करतो. भूत उचलून १९४२ मधून १९७२ मध्ये ठेवतो. काहीच बिघडलं नाही, तर ती युद्धाची कादंबरी नव्हे, युद्धाचे कपडे घातलेली आहे.

आपल्याकडे भूत होतं ते वासना राहिल्यामुळे. जमिनीत, सोन्यात, लेकरात जीव अडकतो. युद्धात मेलेल्याची वासना बहुधा फार लहान असते: आपण मेलो हे कुठेतरी लिहिलं जावं. खाली बऱ्याच उत्तरांत मी याच मुद्द्यावर परत येणार आहे.

२. सिंगापूरच का? तिथे नेमकं काय घडलं, थोडक्यात सांगाल का?

८ डिसेंबर १९४१ च्या मध्यरात्रीनंतर जपानी फौजा मलायात कोटा भारूला उतरल्या. पर्ल हार्बरचा हल्ला त्यानंतर तासाभराने झाला. सत्तर दिवसांत अख्खा द्वीपकल्प गेला. १५ फेब्रुवारी १९४२ ला ब्रिटिश सेनापती जनरल पर्सिव्हलने बुकित तिमाच्या फोर्ड मोटार कारखान्यात जपानी जनरल यामाशिताच्या समोर बसून शरणागतीवर सही केली. शहराचं नाव बदलून ‘श्योनान’ झालं, म्हणजे दक्षिणेचा प्रकाश. साडेतीन वर्षांनी, १२ सप्टेंबर १९४५ ला, माउंटबॅटनने नगरपालिकेच्या इमारतीत जपान्यांची शरणागती स्वीकारली.

‘सिंगापूरच का’ याचं माझं उत्तर असं की इतक्या लहान बेटावर चिनी, मलय, तमिळ, शीख, युरेशियन, इंग्रज, ऑस्ट्रेलियन आणि जपानी असे सगळे एकाच वेळी मेले, आणि मेलेल्याचं पुढे काय होतं याबद्दल यातल्या प्रत्येकाची समजूत वेगळी होती. कादंबरीकाराला आणखी काय हवं?

३. मी इतिहासाचा विद्यार्थी नाही. किती वाचलं म्हणजे पुरे?

लढाईबद्दल कमी वाचा, घरांबद्दल जास्त. सिंगापूरच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने त्या काळातून गेलेल्या लोकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच घरबसल्या ऐकता येतात. त्या काळात निघणाऱ्या ‘श्योनान टाइम्स’चे जुने अंकही पाहायला मिळतात. त्यांच्यावर साल १९४२ नाही, २६०२ आहे, कारण जपान्यांनी आपली शाही कालगणना लागू केली होती. एक अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा, जाहिरातींसकट. रणगाड्यांवरच्या दहा पुस्तकांनी जे कळणार नाही ते त्यात कळेल.

४. भूत रात्री बारा वाजता आणलं तर काय बिघडतं?

बरंच. जपान्यांनी आल्या आल्या घड्याळं टोकियोच्या वेळेवर नेली, म्हणजे दीड तास पुढे. त्यामुळे श्योनानमध्ये सूर्य उगवायचा आठच्या सुमाराला आणि मावळायचाही आठनंतर. घड्याळात रात्रीचे बारा वाजले, तरी शरीराला साडेदहाच वाटायचे.

यात भूतकादंबरीसाठी खजिना आहे आणि लोक तो तसाच टाकून देतात. युद्धाआधी मेलेलं भूत कुठल्या वेळेने येईल? जुन्या की टोकियोच्या? माझ्या खर्ड्यात एक आजी आहे. तिच्या घरातलं भूत घड्याळात दीड वाजल्याशिवाय हलत नाही, कारण त्याने नवी वेळ मान्यच केलेली नाही. सगळ्या कादंबरीत मला मनापासून आवडलेली तेवढी एकच गोष्ट आहे.

आणि तिन्हीसांजेचा प्रसंग लिहिताना घड्याळात सात वाजवू नका. सातला तिथे चांगलं ऊन होतं.

५. चंद्र, अमावास्या, पाऊस हे तरी कल्पनेने चालेल ना?

नाही हो. इथे मी स्वतः तोंडावर आपटलो आहे. पहिल्या खर्ड्यात मी शरणागतीच्या रात्री सिंगापूर नदीवर टिपूर चांदणं पाडलं होतं. दीड पान. एका वाचकाने शांतपणे विचारलं, ‘‘त्या दिवशी चिनी नववर्ष होतं ना?’’ होतंच. आणि चिनी नववर्ष अमावास्येला धरून येतं, त्यामुळे १५ फेब्रुवारी १९४२ च्या रात्री चंद्राचा पत्ताच नव्हता. आपल्या पंचांगाने माघातली अमावास्या, महाशिवरात्र नुकतीच झालेली. वर तेलाच्या पेटलेल्या टाक्यांचा काळा धूर शहरावर पसरलेला. दीड पान गेलं, आणि त्याजागी जे आलं ते कितीतरी बरं आहे: नववर्षाचा दिवस, दारावर लाल कागद चिकटवायला कोणी धजत नाही, आणि दुपारीच कंदील लावावा लागतोय.

जुनं पंचांग कुठल्याही गावात एखाद्या भटजींकडे सापडतं. तेवढी तसदी घ्या.

६. पोंतियानाक म्हणजे आपली हडळच ना? मग मराठीत सरळ हडळ लिहू का?

बहीण आहे, तीच नव्हे. दोघींचं मूळ एकच: बाळंतपणात किंवा पोटुशी असताना गेलेली बाई. कोकणात तिला आळवंतही म्हणतात. पण खाणाखुणा वेगळ्या. हडळीचे पाय उलटे. पोंतियानाक आधी वासाने कळते. पांढऱ्या चाफ्याचा वास येतो आणि मग त्याचीच दुर्गंधी होते. मलय कबरस्तानांत चाफा लावतात, त्यामुळे तिथल्या माणसाला तो वास आला की सुगंध आठवत नाही, कबर आठवते. ती केळीच्या झाडात राहते. तिच्या मानेत खिळा ठोकला की ती नांदती बायको होते, खिळा निघाला की पुन्हा मूळ रूप. आपल्याकडे खिळा ठोकतात तो भूत झाडाला बांधायला. तिकडे तोच खिळा तिला संसाराला बांधतो! या एका फरकावर एक प्रकरण उभं राहील.

मुख्य म्हणजे ‘हडळ’ म्हटलं की मराठी वाचक मनाने विहिरीपाशी, चिंचेखाली जाऊन बसतो. त्याला परत क्वालालंपूरच्या रस्त्यावर आणायला तुम्हाला चार पानं लागतील. शब्द पोंतियानाकच ठेवा आणि पहिल्यांदा येईल तेव्हा एखाद्या मराठी पात्राच्या तोंडी ‘‘म्हणजे आमच्याकडची आळवंत’’ एवढं टाकून मोकळे व्हा.

७. चिनी भुतांचा महिना असतो म्हणतात. तो काय प्रकार आहे?

चिनी चांद्रवर्षाचा सातवा महिना. त्या महिन्यात पाताळाचं दार उघडतं आणि ज्यांना घरचं कोणी जेवू घालत नाही असे भुकेले मृत बाहेर पडतात. पंधराव्या दिवशी मोठा विधी. अधिक मासाचा गोंधळ नसेल त्या वर्षी हा महिना म्हणजे आपला श्रावण, आणि त्यांची ती पौर्णिमा म्हणजे आपली नारळी पौर्णिमा. एकाच चंद्राखाली आपण समुद्राला नारळ देतो आणि ते भुतांना भात.

आजही त्या महिन्यात सिंगापुरात संध्याकाळी इमारतींच्या खाली पत्र्याच्या पिंपांत कागद जळत असतात. खोट्या नोटा, कागदी कपडे, कागदी घरं. रस्त्याच्या कडेला गवतावर भाताची वाटी, संत्री आणि त्यात खोचलेल्या उदबत्त्या दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या तिठ्यावरचा उतारा आठवला आणि पाय आपोआप बाजूला पडला. मोकळ्या मैदानात गाण्याबजावण्याचे मंडप पडतात आणि पहिली रांग रिकामी ठेवतात. त्या खुर्च्यांवर बसायचं नाही, ते पाहुणे वेगळे. मी एकदा उशिरा पोचलो, बसायला जागा नव्हती, आणि पुढे लाल खुर्च्यांची अख्खी ओळ मोकळी. दोन तास उभा राहिलो.

तुमच्या काळासाठी कळीचा प्रश्न असा: तांदूळच मिळत नसताना, १९४३-४४ च्या सातव्या महिन्यात, भुतांपुढे काय ठेवलं असेल? (त्या वेळच्या जेवणासाठी प्रश्न १० पाहा.) आणि ज्याचा देहच सापडला नाही, तो मेला असं धरून त्याच्यासाठी कागद जाळायचा का? जाळला तर आशा सोडली असं होतं. नाही जाळला आणि तो मेलेला असला, तर तो उपाशी. हा पेच एखाद्या घरात मांडला की भूत दाखवायची घाईच राहत नाही.

८. जपानी सैनिकाचं भूत दाखवलं तर त्याला सहानुभूती मिळते. ते चुकीचं आहे का?

भूत दाखवणं चुकीचं नाही. त्याच्या दुःखाखाली बाकीचे हिशेब पुरून टाकणं चुकीचं. जपानी समजुतीत ‘मुएनबोतोके’ म्हणजे ज्याला पाणी द्यायला नात्यातलं कोणी उरलं नाही असा मृत. परक्या मातीत मेलेला शेतकऱ्याचा पोर त्यात बसतो. त्याच्या कमरेला ‘सेन्निनबारी’ असते: गावातल्या हजार बायकांनी एकेक टाका घालून दिलेला पट्टा. ती एक वस्तू जवळून दाखवा, उसवलेल्या टाक्यांसकट. पुरे होते. पण त्याच सैनिकाने पहाऱ्यावर उभं राहून, वाकून नमस्कार केला नाही म्हणून कुणाच्या थोबाडीत मारली असेल, तर तेही त्याच्या खात्यावर राहू द्या.

एक तपशील: जपानी चित्रांतल्या युरेईला, म्हणजे त्यांच्याकडच्या भुताला, बहुधा पाय नसतात. हडळीचे उलटे, युरेईचे गायब. दोन संस्कृतींतली भुतं एका खोलीत आणणार असाल तर जमिनीवर पीठ पसरून ठेवा, म्हणजे कोण आलं होतं ते सकाळी कळेल. (ही गंमत म्हणून लिहिलं होतं. एका मुलीने खरंच वापरलं आणि तिच्या हस्तलिखितातला तोच सर्वांत चांगला प्रसंग झाला.)

९. सूक चिंगच्या हत्याकांडाबद्दल आकडे वेगवेगळे सापडतात. कोणता खरा धरू?

कुठलाही एक धरू नका. आकडा नक्की नसणं हीच तुमच्या कादंबरीची वस्तू आहे.

जे पक्कं आहे ते असं. शरणागतीनंतर तीन दिवसांनी, १८ फेब्रुवारीपासून ४ मार्चपर्यंत, जपान्यांनी १८ ते ५० वयाच्या चिनी पुरुषांना ठरलेल्या ठिकाणी हजर व्हायला लावलं. सुटला त्याला ‘तपासला’ असा शिक्का. कागदावर, नाहीतर थेट सदऱ्यावर किंवा दंडावर. दंडावरचा शिक्का पुसला जाऊ नये म्हणून कित्येक दिवस तेवढा भाग न भिजवता अंघोळ करायची! ज्यांना शिक्का मिळाला नाही त्यांना ट्रकमध्ये घालून चांगी, पोंगोल, आजचा सेंतोसा अशा किनाऱ्यांवर नेऊन गोळ्या घातल्या. जपानी बाजूने कबूल केलेला आकडा ५,००० च्या आसपास. चिनी समाजाचा अंदाज ४०,००० ते ५०,०००.

मधले हजारो लोक कुठे गेले? १९६२ मध्ये सिगलाप भागात हाडं सापडायला लागली. ती गोळा करून ६०० हून अधिक रांजणांत भरली, आणि त्यांच्यावर उभं राहिलेलं स्मारक १५ फेब्रुवारी १९६७ ला खुलं झालं. चार उंच पांढरे खांब. लोक त्यांना सरळ ‘चॉपस्टिक्स’ म्हणतात. रोज दुपारी शेजारच्या कचेऱ्यांतली माणसं सावलीला येऊन डबा खातात, खाली रांजण. मीही खाल्ला आहे.

शैलीबद्दल सल्ला: गोळीबाराचा प्रसंग लिहू नका, निदान थेट तरी नको. रांग लिहा. उन्हातली रांग, टेबलाशी बसलेला कंटाळलेला अधिकारी, कधीकधी तोंडावर बुरखा घातलेला खबऱ्या. कोणी डावीकडे, कोणी उजवीकडे. कुठल्या बाजूला काय आहे हे रांगेतल्या कुणालाच माहीत नाही.

१०. त्या काळात लोक खात काय होते? पैसा कोणता?

मुख्यतः तापिओका, म्हणजे आपण साबुदाणा करतो तो कंद, मलयमध्ये ‘उबी कायू’. त्याचा भात, त्याचा पाव, त्याचीच केक म्हणून वडी. जोडीला रताळी. तांदूळ रेशनवर आणि तो सतत कमी होत गेला. बेरीबेरीने पाय सुजायचे. बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा. भुताचा पाय आणि उपाशी माणसाचा पाय यांत वाचकाला गोंधळू द्या, बिनधास्त.

नोटा जपान्यांनी छापलेल्या. दहा डॉलरच्या नोटेवर केळीचं झाड, म्हणून सगळ्याच नोटांना ‘केळीच्या नोटा’ म्हणत. नंतर नंतर छपाई इतकी बेसुमार झाली की नोटांवर क्रमांक घालणंही सोडून दिलं, नुसती अक्षरं. युद्ध संपलं आणि त्या रद्दी झाल्या. तशी एक नोट माझ्याकडे आहे, जुन्या बाजारात घेतलेली. खाकी-हिरवट, कडा मऊ पडलेल्या, आणि केळीच्या झाडाखाली क्रमांकाची जागा कोरी. पोंतियानाकचं झाड कोणतं ते प्रश्न ६ मध्ये सांगितलं आहे. पुढचं तुम्ही पाहा.

आवाज हवा असेल तर: जपानी सैन्य मलायातून सायकलींवर आलं आणि टायर फाटले की नुसत्या लोखंडी रिमवर चालवत राहिलं. अंधारात तो खडखडाट रणगाड्यांसारखा वाटायचा, असं सांगणारे पुष्कळ आहेत.

११. मराठी माणूस तिथे कसा न्यायचा? माझा नायक मराठा पलटणीतला आहे.

मग त्याला सिंगापुरात का पाठवताय? मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावाजलेली कामगिरी पूर्व आफ्रिका, वाळवंट, इटली आणि इंफाळच्या बाजूची. मार्च १९४४ मध्ये मणिपुरातल्या सांगशाकला चौथ्या बटालियनचे मराठे पॅराशूट ब्रिगेडच्या खांद्याला खांदा लावून लढले. पाण्याचा थेंब नाही, खंदक खणायला गेलं तर खाली खडक. जपानी फौजा तिथेही होत्या. तुमची कादंबरी पलटणीची असेल तर सांगशाकला न्या.

सिंगापूरच हवं असेल तर खरा धागा आहे: जगन्नाथराव भोसले. सावंतवाडी संस्थानातले, ब्रिटिश हिंदी सैन्यातले अधिकारी, पुढे आझाद हिंद सेनेत वरच्या पदावर आणि हंगामी सरकारातही. म्हणजे देवचार आणि गाऱ्हाण्याच्या मुलुखातला माणूस त्या शहरात होता, हे कल्पित नाही. त्यांना पात्र करू नका (प्रश्न १४ पाहा), पण त्यांच्या हाताखाली त्याच तालुक्यातला एखादा कारकून किंवा कंपाउंडर घातलात तर कुणाची भुवई चढणार नाही. असा माणूस केळीखाली काही दिसलं की आधी मनातल्या मनात गाऱ्हाणं घालेल, आणि मग त्याला प्रश्न पडेल की इथल्या जाग्याचा राखणदार कोण, त्याला कोणत्या भाषेत सांगायचं?

१२. आझाद हिंद सेनेमुळे जपानी ‘आपल्या बाजूचे’ होतात. मग भूत कोणाला छळणार?

अवघड प्रश्न आहे, आणि मराठी हस्तलिखितं सर्वांत जास्त इथेच घसरतात. लेखक किंवा वाचक नेताजींवर श्रद्धा ठेवून आलेला असतो आणि रांगेतल्या चिनी शेजाऱ्याकडे पाहायचंच टाळतो.

मी एका इमारतीचं उदाहरण देतो. कॅथे. शहरातली तेव्हाची सर्वांत उंच इमारत, चित्रपटगृहासकट. जपानी अमलाच्या सुरुवातीला लुटारू म्हणून ठार केलेल्या माणसाचं शिर तिच्या बाहेर लोकांना दिसेल असं ठेवलं होतं. त्याच कॅथेमध्ये २१ ऑक्टोबर १९४३ ला सुभाषबाबूंनी आझाद हिंद सरकारची घोषणा केली आणि सभागृह जयघोषाने दणाणलं. दोन्ही खरं. एकाच दारातून आत जायचं होतं. तुमच्या कारकुनाने त्या दिवशी आत जाताना डावीकडे पाहिलं का?

शिवाय हिंदी सैनिकांतही फाळणी झाली. १७ फेब्रुवारी १९४२ ला फॅरर पार्कवर सुमारे ४५,००० हिंदी सैनिकांना जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. कित्येक आझाद हिंदमध्ये गेले, कित्येक गेले नाहीत. न गेलेल्यांपैकी अनेकांना मजूर म्हणून न्यू गिनीसारख्या बेटांवर धाडलं, आणि तिथून परत आले ते थोडे. एकाच गावचे दोघे, एक इकडे, एक तिकडे. भूत कोणाकडे येईल आणि काय विचारेल, हे मला सांगायची गरज नाही.

१३. सयाम-बर्मा रेल्वेवरची कादंबरी लिहितोय. गोऱ्या कैद्यांबद्दल भरपूर मिळतं, हिंदी मजुरांबद्दल काहीच नाही. काय करू?

हाच तुमचा विषय आहे. जपान्यांनी सयाम (आजचं थायलंड) ते बर्मा बांधून घेतलेली ४१५ किलोमीटरची रेल्वे, ऑक्टोबर १९४३ ला पुरी झाली. ६०,००० हून अधिक युद्धकैदी राबले, १२,००० हून अधिक मेले. त्यांची थायलंडमधल्या कांचनाबुरीला नीट राखलेली दफनभूमी आहे, एकेकाच्या नावाची पाटी, वर कापलेलं गवत. आशियाई मजूर मात्र दोन लाखांच्या आसपास. त्यांत मलायाच्या रबरमळ्यांतले तमिळ पुष्कळ. त्यांच्यातल्या मृतांचे अंदाज ९०,००० पर्यंत जातात. १९४३ च्या पावसाळ्यात पटकी आली तेव्हा छावण्याच्या छावण्या संपल्या. कैद्यांमधले अधिकारी लपवून का होईना वह्या ठेवत होते, मळ्यातल्या मजुराची वही कोण ठेवणार?

आता भूतकादंबरीच्या अंगाने विचार करा. जिथे पाट्या आहेत तिथे भूत येणार नाही. त्याला बोलावून झालं आहे. ज्याची पाटी नाही त्याला कुठे जायचं हेच माहीत नाही. सिंगापुरात क्रांजीच्या युद्धस्मारकावर, ज्यांची कबर ठाऊक नाही अशा २४,००० हून अधिक जणांची नावं कोरली आहेत, त्यांत हिंदी नावंही आहेत. तिथेच दहन झालेल्या सुमारे ८०० जणांचं वेगळं स्मारक आहे, बहुतेक हिंदी सैन्यातले. भिंतीवरून बोट फिरवत वाचत गेलो तर एकेका नावाचं इंग्रजी स्पेलिंग इतकं विचित्र की ‘हा आपला’ असं ओळखायला ते मोठ्याने म्हणावं लागतं. म्हटलं. आसपास कोणी नव्हतं, तरी ओशाळल्यासारखं झालं. पण निदान नाव होतं. मजुरांचं तेही नाही.

१४. खऱ्या माणसाचं भूत करू का? उदाहरणार्थ एखाद्या जपानी अधिकाऱ्याचं?

माझं धोरण: खरी माणसं दुरून दिसावीत, त्यांची घोषणा ऐकू यावी, त्यांची गाडी जावी. मनात शिरू नये.

एक मोह मात्र मी समजू शकतो. सूक चिंगमागचा मेंदू म्हणून ज्याचं नाव घेतात, तो कर्नल त्सुजी मासानोबू. १९४७ च्या खटल्यात सात अधिकारी उभे राहिले, दोघांना फाशी झाली. त्सुजी तेव्हा सापडलाच नाही. पुढे उजळ माथ्याने जपानच्या संसदेत निवडून आला आणि १९६१ मध्ये लाओसमध्ये बेपत्ता झाला. देह मिळाला नाही. ज्याने हजारोंना बेपत्ता केलं तो स्वतः बेपत्ता! इतकी जुळणी कादंबरीत घातली तर संपादक म्हणेल फार बेतलेलं वाटतं. म्हणूनच घालू नका.

१५. सिंगापुरातली अमुक शाळा, अमुक इस्पितळ झपाटलेलं आहे कारण तिथे जपान्यांची छळछावणी होती, असं ऐकलं. वापरू का?

तिथल्या जवळजवळ प्रत्येक जुन्या शाळेबद्दल हे सांगतात. सगळं खरं मानलं तर जपान्यांना छळाशिवाय दुसरं काम नव्हतं असं व्हायचं. दंतकथा दंतकथा म्हणून वापरा: १९८० च्या दशकातली मुलं वसतिगृहात एकमेकांना सांगताहेत. ती जागा खरी म्हणून वापरायची असेल तर नोंद पाहा. केंपेइताईचं, म्हणजे जपानी लष्करी पोलिसांचं, एक ठाणं स्टॅमफर्ड रस्त्यावरच्या वाय.एम.सी.ए.च्या इमारतीत होतं, ते पक्कं. ती इमारत पुढे पाडली आणि त्याच जागी नवी उभी आहे. लोक तिथे आज पाहुणे म्हणून उतरतात.

१६. संवाद कोणत्या भाषेत? सगळेच शुद्ध मराठी बोलतात ते विचित्र वाटतं.

हाकेचे शब्द मूळचे ठेवा. मलय शेजारीण ‘मक चिक’, तमिळ बाई ‘अम्मा’, चिनी आजी ‘आ मा’. भुताला मलय ‘हंतू’. वाक्यं मराठी. तळटीप नको. जपानी सैनिकाच्या तोंडी एखाददुसरा शब्द पुरे, त्याला मोडकंतोडकं मराठी बोलायला लावू नका, विनोदी होतं.

१७. एवढं लांब जायचं नसेल तर? युद्धकाळातली भूतकादंबरी इकडे घडू शकते का?

हो, आणि त्या मानाने फार कोणी लिहीत नाही. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. पोटात कापूस, दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. त्यांतल्या काही विटा बंदराचा गाळ काढताना अनेक वर्षांनी वर आल्या. पुरलेल्या धनावर बसणारा समंध आपल्याकडे आहेच, फक्त तो आजवर गाळात बसलेला कुणी दाखवला नाही. गोव्यात मुरगावच्या बंदरात ९ मार्च १९४३ च्या रात्री ‘एरेनफेल्स’ हे जर्मन जहाज त्याच्याच खलाशांनी बुडवलं. कोल्हापूरजवळ वळिवड्याला सुमारे ५,००० पोलिश निर्वासित १९४३ ते १९४८ राहिले. तिघांतलं कुठलंही घ्या.

१८. शेवट कुठे करू? युद्ध संपलं की भूतही गेलं, असं?

१५ ऑगस्ट १९४५ ला जपानच्या सम्राटाचं शरणागतीचं भाषण झालं, पण इंग्रज फौजा सिंगापुरात उतरल्या ५ सप्टेंबरला. मधले तीन आठवडे बेट कोणाचं, हे सांगता येत नव्हतं. जपानी अजून बंदुका घेऊन रस्त्यावर, नोटांची किंमत रोज घसरतेय, खबऱ्यांचे सूड घेतले जाताहेत.

आता प्रश्न ५ मध्ये सांगितलं तसं पंचांग काढा. त्या वर्षी भुतांचा सातवा महिना सुरू झाला ८ ऑगस्टला. सम्राट बोलला तो आठवा दिवस, आणि जपानात तेव्हाच ओबोन चालू होता, घरचे मृत घरी यायचे दिवस. पौर्णिमेचा मोठा विधी २२ ऑगस्टला. महिना संपला ५ सप्टेंबरला, म्हणजे इंग्रज बंदरावर उतरले त्याच दिवशी.

मला हे कळलं तेव्हा रात्रीचे अडीच वाजले होते, आणि माझ्या खर्ड्यात महिना अखेर भूत निघून जाण्याचा प्रसंग आधीच लिहिलेला होता, ऑक्टोबरात. तो आता ५ सप्टेंबरला हलवतोय. आजी कागद जाळते आहे, जुन्या नोटा त्यातच टाकते आहे, तेवढ्यात लांबून बूट वाजतात. पिंपातला जाळ विझवायचा की राहू द्यायचा, यावर गेले चार महिने अडलोय. कुणाला सुचलं तर कळवा.